शाळेतले मामा, मावशी, काका : तुम्ही आभार कसे मानलेत?

५ सप्टेंबर जवळ आला की आमच्या शाळेत दहावीच्या मुलांची लगबग सुरू व्हायची. मुली आईच्या साड्या नेसून बाई व्हायच्या, मुलं इस्त्रीचा शर्ट घालून सर. मुख्याध्यापक व्हायला भांडणं, शिपाई व्हायला कुणीच तयार नाही. शेवटी चिठ्ठ्या टाकल्या आणि माझं नाव निघालं.

आमच्याकडे रेल्वेच्या रुळाचा तुकडा टांगलेला होता, त्यावर टोल द्यायचा. तिसरा तास मी दहा मिनिटं उशिरा दिला, कारण सूचनावही घेऊन एकेका वर्गात सही घेत फिरत होतो. (वही दिसली की सुट्टीची सूचना असणार म्हणून पोरं बाकं बडवायची. मी वाचली ती फी भरण्याची. शिव्या मला.) आमच्या शिपाईमामांना आम्ही त्या दिवशी शिक्षकांच्या खोलीत खुर्ची दिली, चहा पुढे केला. ते बसले, पण टेकले नाहीत. अर्धा कप झाला नाही तोच कुणीतरी पाणी मागितलं आणि मामा उठले. मी धावलो, तरी तांब्या त्यांच्याच हातात.

तुमच्या शाळेत काय झालं? आभार मानलेत, मानायचे राहिले, की फसले? तेही लिहा.

*

आमची जिल्हा परिषदेची शाळा. दुपारच्या खिचडीला पहिली ते पाचवीला माणशी १०० ग्रॅम तांदूळ, सहावी-सातवीला १५० ग्रॅम. मावशी वजनकाटा न काढता पातेल्यात हात घालून सांगायच्या, आज पाच पोरं जास्त आलीत. सगळी जेवल्याशिवाय त्या ताट घेत नसत.

सातवीच्या शेवटच्या आठवड्यात आम्ही ठरवलं, आज मावशींना आपण खिचडी करून घालायची. घरून शेंगदाणे, कोथिंबीर, एकीनं चोरून तूप आणलं. चूल पेटता पेटेना, पेटली तर आवरेना. खाली पार करपली. मावशी व्हरांड्यात बसून हसत होत्या, एकदाही उठल्या नाहीत. गुरुजींनी तसं बजावलंच होतं. वाढताना मी वरची वरची बरी खिचडी घेत होते. त्या म्हणाल्या, "खालची दे गं, मला खरवड आवडते." आवडत होती की नाही देव जाणे. ताट मात्र पुसून खाल्लं.

*

दहावीच्या निकालाला पेढे वाटले. सगळ्या सरांना, बाईंना. ऑफिसच्या खिडकीपाशी पोचलो तर बॉक्स रिकामा. याच क्लार्ककाकांनी माझ्या दाखल्यावरची जन्मतारीख दुरुस्त करायला चार खेपा घातल्या होत्या. बारावीनंतर वेगळा बॉक्स घेऊन गेलो. त्यांना मी आठवत नव्हतो, जन्मतारीख आठवत होती.

*

कौतुक वाचून बरं वाटतं, पण एक कडू घोट घ्याच. खिचडी शिजवणाऱ्यांसाठी २००९ मध्ये केंद्रानं ठरवलेलं मानधन महिना १,००० रुपये, तेही वर्षातले १० महिने. राज्य वरून भर घालतं, तरी हिशेब तुम्हीच करा. आणि डिसेंबर २०२० च्या शासन निर्णयानं अनुदानित शाळांत शिपायाची पदं रिकामी होतील तशी जाऊन त्या जागी शिपाई भत्ता आला, म्हणजे माणूस लावायला शाळेला ठरावीक रक्कम. पुढच्या पोरांना आभार मानायला मामा असतील का?

*

गोंय. आमच्या बालरथाच्या, म्हणजे शाळेच्या बसच्या, ड्रायव्हरमामांसाठी शेवटच्या पेपराच्या दिवशी झेंडूची माळ नेली. "म्हाका नाका, गाडयेक घाल," म्हणाले. घातली गाडीला.

*

आमचं फसलं. सफाईच्या मावशींना वर्गणी काढून साडी घेतली, टाळ्या झाल्या, फोटो झाला. दुसऱ्या दिवशी मावशी वर्गाच्या दारात येऊन म्हणाल्या, "साडी लई ग्वाड हाय. पर संडासात पाणी ओतत जावा." वर्गात सन्नाटा. मग बादली भरून ठेवण्याच्या पाळ्या लावल्या. दिवाळीच्या सुट्टीपर्यंत टिकल्या, खोटं कशाला बोलू.

*

माझे वडील मी शिकलो त्याच शाळेत शिपाई होते. घरी बाबा, शाळेत मामा. मीही त्यांना मामाच म्हणायचो. पहिल्या वर्षी लाजेनं, पुढे नुसतं तोंडात बसलं म्हणून. ते निवृत्त झाले तेव्हा मी नववीत होतो. शेवटचा टोल त्यांनी दिला, नेहमीपेक्षा जरा लांबवला. निरोप समारंभात मुलांनी मुद्दाम मलाच आभार मानायला उभं केलं. माईक हातात घेतला आणि सवयीनं "मामा" म्हणालो. सगळी शाळा हसली. बाबाही.