मदत हवी आहे: चर्चच्या वहीत आणि शिल्लकीत ७,४५० रुपयांचा फरक

खजिनदार_नवापूर
सलाम सगळ्यांना. वहीत शिल्लक ४१,३५०, प्रत्यक्षात ३३,९००. तीन रात्री बेरजा केल्या, ताळा लागत नाही. रविवारी उपासनेनंतर मंडळीची सभा आहे आणि हिशोब मलाच वाचायचा आहे. फरक कसा शोधायचा एवढंच सांगा, लवकर.

अमळनेरकर
प्रत्यक्षात म्हणजे बँक की रोख? जुन्या खजिनदाराकडून शिल्लक मोजून घेतली होती का? दान कोण मोजतं?

खजिनदार_नवापूर
बँकेत २६,४००, बाकी पेटीत रोख. मे महिन्यात काम हाती घेतलं, तेव्हा मोजून दोघांच्या सह्या झाल्या. दान मी आणि मंडळीचे एक वडील (चर्चच्या कमिटीतले ज्येष्ठ) मिळून मोजतो.

मंडळ_चोपडा
भाऊ, मी गणेश मंडळाचा ८ वर्षं खजिनदार होतो. सरळ उपाय सांगतो, खिशातून भरून टाका. सात हजारासाठी गावात नाव जायला नको.

हिशोबनीस_धुळे
अजिबात भरू नका. भरलं की चूक गाडली जाते, आणि उद्या तेच पैसे कुठे जास्तीचे निघाले तर ते कोणाचे, हे कोणालाच सांगता येणार नाही.

मंडळ_चोपडा
धुळ्यात बसून बोलणं सोपं आहे. आमच्याकडे ३०० रुपयांवरून दोन घरांचं बोलणं बंद झालं होतं.

हिशोबनीस_धुळे
म्हणूनच लपवायचं नाही.

संगणक_नंदुरबार
वही सोडा दादा. मोबाईलवर एक्सेल घ्या, बेरीज आपोआप होते. मी शिकवतो.

खजिनदार_नवापूर
बेरीज बरोबरच आहे हो. पैसेच कमी आहेत.

शिक्षिका_शिरपूर
दादा, कापणीचा सण झाला ना? आलेलं धान्य वहीत कसं लिहिलं? आणि ऑनलाइन दान कोणत्या खात्यात येतं?

तापीकाठ
८०जी ची, म्हणजे दानावर आयकरात सूट मिळते ती पावती देता का? आमच्या मामांना पाहिजे होती.

हिशोबनीस_धुळे
एकाच धर्मसमाजासाठी चालणाऱ्या संस्थेला ८०जी मिळत नाही. त्यासाठी वेगळा धागा काढा.

खजिनदार_नवापूर
ताई, भात ३ क्विंटल आला. २,००० च्या भावाने ६,००० जमा लिहिले. विकायचा आहे अजून, पाळकसाहेबांच्या (पाद्रींच्या) पडवीत पोती आहेत.
ऑनलाइनचा क्यूआर माझ्याच नंबरचा आहे. उसतोडीला गेलेले आणि सुरतेला कामाला असलेले त्यावरच पाठवतात.

शिक्षिका_शिरपूर
मग ६,००० तिथेच सापडले! न विकलेलं धान्य रोख शिल्लकीत धरायचं नाही. वेगळ्या पानावर पोती, वजन आणि देणाऱ्याचं नाव लिहा. विकलं त्या दिवशी, मिळाले तेवढेच पैसे जमा करा. आमच्याकडे तर कोंबड्या न् अंडीसुद्धा येतात, सभेतच लिलाव करून पैसे त्याच दिवशी पेटीत टाकतो.

अमळनेरकर
पण क्यूआर स्वतःचा? हे आधी सांगायला पाहिजे होतं, भाऊ. चर्चच्या नावाचं खातं असताना कशाला?

खजिनदार_नवापूर
खात्यावर जुन्या दोघांच्या सह्या आहेत. त्यातले एक वारले. बँक म्हणते ठराव आणा. कमिटी बसतच नाही. मी भात लावणीतून, मजुरीतून वेळ काढून हे करतो, पगार नाही. लोकांनी विचारलं कुठे पाठवू, म्हणून माझा नंबर दिला.

हिशोबनीस_धुळे
तुमच्या मनात खोट नाही हे कळतं. पण तो क्यूआर आजच काढून टाका. रविवारच्याच सभेत सह्या बदलण्याचा ठराव घ्या, दोन सह्या ठेवा, एक तुमची आणि एक दुसऱ्या घरातली. चर्च सार्वजनिक न्यास म्हणून नोंदलेलं आहे का? असेल तर ३१ मार्चला वह्या बंद करून सप्टेंबरअखेर ऑडिट लागतं. विश्वस्त बदलले असतील तर धर्मादाय कार्यालयात ९० दिवसांत बदल अर्ज द्यायचा असतो.

मंडळ_चोपडा
म्हणजे खजिनदार बदलला तरी अर्ज?

हिशोबनीस_धुळे
तो विश्वस्तही असेल तरच.

पाळक_साक्री
पौलाने यरुशलेमसाठी दान नेताना बरोबर दुसरे बंधू घेतले, कोणी दोष लावू नये म्हणून (बायबल, २ करिंथ ८). आपण एकट्याच्या खिशावर भार टाकतो आणि मग त्याच्यावरच संशय घेतो, याचं मला फार वाईट वाटतं. सभेत मी असतो तर खजिनदाराच्या शेजारी उभा राहिलो असतो.

अहिराणी_भाऊ
दादा, घाबरू नको. जे शे ते सांगी दे.

खजिनदार_नवापूर
फोन उघडून एकेक नोंद पाहिली. चार जणांचे १,२०० माझ्या खात्यात पडून आहेत, वहीत जमा आहेत. उद्या बँकेत भरतो. राहिले २५०. ते कुठे गेले सापडत नाही.

शिक्षिका_शिरपूर
डिसेंबरात नाताळच्या मेणबत्त्या, बिस्किटं कोणी आणली? पावती आहे का?

खजिनदार_नवापूर
युवक संघाच्या मुलांनी. पेटीतून पैसे देऊन पाठवलं होतं मी. विचारतो.

तापीकाठ
मग ८०जी चं काय?