शब्दचर्चा : अरबीतलं 'माफी' आणि आपली माफी

बोरीकाठ, अमळनेर
भाचा इलेक्ट्रिशियनच्या कामावर रियाधला निघालाय. सध्या कामापुरती बोलचालीची अरबी शिकतोय. काल म्हणे, "मामा, निम्मा शब्द ते आपलाच शेतस!" हिशेब, तारीख, दुकान, वजन, फक्त, सगळं तिकडेही आहे. पण त्याच्या पुस्तकात 'गरीब'चा अर्थ 'परका, विचित्र' असा दिलाय. छपाईची चूक की काय? आणि असे आणखी कोणते शब्द त्याला तोंडघशी पाडतील?

शब्दवेडी, धुळे
पुस्तक बरोबर आहे, दादा. अरबीत गरीब म्हणजे परका, परमुलखातला. परमुलखात माणसाला कोण विचारतं? आपल्याकडे येईपर्यंत तो निर्धन झाला. पैसा नसलेल्याला अरबीत 'फकीर' म्हणतात. आपला फकीर झोळी घेऊन वेगळ्याच वाटेला लागला.

मला सगळ्यात आवडतो तो 'रतीब'. अरबीत रातिब म्हणजे ठरलेला पगार. आपण तो दुधाला लावला. दोन्हींत 'ठरलेलं, नेमानं मिळणारं' हा गाभा तोच.

रजेचंही तसंच. मूळ अर्थ राजीखुशी, संमती. पण तिकडे सुट्टी मागताना रजा म्हणू नये, 'इजाज़ा' म्हणावं. म्हणजे आपली इजाजत. उलटापालट झालीय नुसती.

केळीवाला, रावेर
थोडं शेतातलं. खरीप आणि रब्बी दोन्ही अरबी. तिकडे खरीफ म्हणजे शरद ऋतू, रबीअ म्हणजे वसंत. पीक ज्या ऋतूत हाती येतं त्याचं नाव हंगामाला पडलं, पेरणीच्या ऋतूचं नाही. आमच्या केळीला अरबीत 'मोज' म्हणतात, त्याचं नातं संस्कृत 'मोचा'शी सांगतात. कापूस म्हणजे 'कुत्न', त्यातूनच इंग्रजांचं कॉटन.

परत आलेला, चोपडा
भाऊ, मूळ-बिळ राहू द्या, पोराला आधी 'माफी' सांगा. मी बारा वर्षं रियाधला होतो. पहिल्या आठवड्यात दुकानात खुब्ज, म्हणजे रोटी, मागायला गेलो. दुकानदार म्हणाला, "माफी." मला वाटलं, बिचारा क्षमा मागतोय. मी हसून "काही हरकत नाही" म्हणालो आणि तिथंच उभा. तो पुन्हा "माफी", या वेळी जरा जोरात. ते खरं तर 'मा फी', दोन शब्द : नाहीये. 'माफी मोया' म्हणजे पाणी नाही, 'माफी फुलूस' म्हणजे पैसे नाहीत. हा दुसरा फार ऐकू येतो.

साइटवर कामाच्या वेळेला 'दवाम' म्हणतात. संपलं की 'खलास', तिथं कोणी मरत नाही. 'तमाम' म्हणजे छान, ठीक. काम तमाम झालं म्हणून घाबरू नये. दुकानात 'बिकम?' म्हणजे कितीला, आणि सुटे परत मागताना 'बाकी' चालतं. टॅक्सीत सरळ जायला सांगायचं तर 'सीदा', तो शब्द आपल्याकडूनच तिकडे गेलाय.

खुशाली विचारताना पुरुषाला 'कैफ हालक', बाईला 'कैफ हालिक'. ही चूक लोक हसून सोडून देतात, पण ऐकणाऱ्याला खटकतेच. आभार मानायला 'शुक्रन', त्यावर 'अफवन'. पुस्तकातला 'कहवा' तिथं 'गहवा' ऐकू येईल, गोंधळू नये.

आकड्यांकडे मात्र नीट बघायचं. त्यांचा ५ आपल्या शून्यासारखा गोल, आणि शून्य म्हणजे नुसता ठिपका. मी एकदा ५० ला ० समजून बसलो होतो. गंमत म्हणजे त्या आकड्यांना अरब लोक 'हिंदी आकडे' म्हणतात.

शब्दवेडी, धुळे
एक राहिलं. अरबी लिपीत प नाही. भाच्याचं आडनाव काय?

बोरीकाठ, अमळनेर
पाटील!

परत आलेला, चोपडा
मग 'बाटील' ऐकायची सवय करा. माझ्या खोलीत चार बाटील होते. कोणाच्याही नावानं हाक आली की चौघं उठायचे.

बोरीकाठ, अमळनेर
भाच्याला वाचून दाखवलं. आता घरातली पोरं त्याला बाटील म्हणूनच हाका मारताहेत. रतीबचं ताईला सांगितलं, तर ती म्हणे, "म्हणजे तिथं पगार रोज सकाळी दारात येतो का?"