रत्नागिरीला जानेवारीत यावं की शिमग्याला? राजवाडा, कातळशिल्पं आणि पालखीबद्दल विचारायचं आहे

कोथरूडकर:
नमस्कार मंडळी. मी, नवरा, सासूबाई आणि सातवीतली लेक असे चौघे चार दिवस रत्नागिरीत राहायला येणार आहोत. गणपतीपुळे, आरे-वारे, आंब्याच्या बागा हे सगळं आधी बघून झालंय. या वेळी गाव म्हणून रत्नागिरी बघायची आहे.

लेकीने थिबा राजाबद्दल कुठेतरी वाचलं आणि तेव्हापासून एकच प्रश्न धरून बसली आहे: ब्रह्मदेशाच्या राजाला इंग्रजांनी रत्नागिरीतच का आणून ठेवलं? मला कातळशिल्पं, म्हणजे उघड्या कातळावर कोरलेली जुनी चित्रं, बघायची आहेत. सासूबाईंना शास्त्रीय गाण्याची आवड आहे, म्हणून जानेवारीत राजवाड्याच्या आवारात होणाऱ्या संगीत महोत्सवाला यायचं मनात होतं. नवरा म्हणतो, शिमग्याला जाऊ. पण आमचं कोकणात कोणी नाही. परक्या माणसांनी पालखीला गेलेलं चालतं का? तिथली संग्रहालयं मुद्दाम वेळ काढून बघावीत अशी आहेत का? सासूबाईंना जास्त चढउतार जमत नाही, तेवढं लक्षात घेऊन सांगा.

चाकरमानी_गिरगाव:
शिमगाच. पण राहायची जागा आधी पक्की करा आणि तिकिटं आरक्षण उघडेल त्या दिवशी काढा. आम्ही सगळे मुंबईकर त्याच आठवड्यात गावाला निघतो. कोकण रेल्वेला पाय ठेवायला जागा नसते, एसटीची तीच गत. पालखीला या, देवाच्या दारात परकं कोणी नसतं.

मांडवीची:
ताई, मी इथल्याच शाळेत वर्षानुवर्षं इतिहास शिकवला आहे आणि मुलांना घेऊन ही सगळी ठिकाणं पालथी घातली आहेत. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी लेकीचा प्रश्न. तिला नकाशा उघडायला सांगा. पुढे समुद्र, मागे सह्याद्री, मध्ये दर चार कोसांवर खाडी. १८८५ मध्ये मंडालेचं राज्य घेतल्यावर इंग्रजांना थिबाला त्याच्या माणसांपासून तोडायचं होतं. आधी मद्रासला नेलं आणि १८८६ मध्ये इथे आणलं. रेल्वे नव्हती, घाटातून येणं कष्टाचं, आणि बंदरात कोण उतरलं ते लगेच कळायचं. पुढे सावरकरांना १९२४ ते १९३७ याच जिल्ह्यात स्थानबद्ध ठेवलं. ज्याला जगापासून दूर ठेवायचं त्याला रत्नागिरीला पाठवायचं, असं सरकारने दोनदा केलं. लेकीला हेही सांगा की त्याआधी १८५८ मध्ये दिल्लीच्या बहादूरशाह जफरला इंग्रजांनी रंगूनला पाठवलं होतं. दिल्लीचा बादशहा ब्रह्मदेशात गेला आणि ब्रह्मदेशाचा राजा कोकणात आला. माझ्या वर्गात हे वाक्य झालं की मुलं गप्प व्हायची.

आता राजवाडा. तीन मजली, उतरत्या छपरांचा, अर्धवर्तुळाकार खिडक्यांचा. पाहताच डोळ्यात भरतो. पण तो बांधून झाला १९१० च्या सुमारास, आणि १९१६ च्या डिसेंबरात थिबा वारला. म्हणजे आयुष्यातली जवळजवळ चोवीस वर्षं त्याने रत्नागिरीत दुसऱ्या बंगल्यांत काढली आणि राजवाड्यात जेमतेम सहा. १९१९ मध्ये कुटुंबाला परत जाऊ दिलं. थोरली राजकन्या मात्र पुन्हा रत्नागिरीला आली, इथेच गरिबीत राहिली आणि १९४७ मध्ये इथेच वारली. आत पुरातत्त्व खात्याचं संग्रहालय आहे. तिथली जुनी दगडी शिल्पं घाईने बघू नका. त्यानंतर शिवाजीनगरला थिबाच्या समाधीवर जाच. राजवाडा बघायला खूप लोक येतात, समाधीवर फार थोडे. २०१२ मध्ये म्यानमारचे (म्हणजे ब्रह्मदेशाचे) तेव्हाचे अध्यक्ष थेन सेन इथे येऊन गेले होते. एखाद्या देशाचा अध्यक्ष आपल्या शेवटच्या राजाला नमस्कार करायला आपल्या गावात येतो, याचं मला आजही मोल वाटतं.

टिळक आळीतलं टिळकांचं जन्मघर सासूबाईंना आवडेल. चढउतार नाही, कौलारू घर, जांभ्या दगडाच्या भिंती. तसबिरी वाचून लगेच बाहेर पडू नका. पडवीत थोडं टेका, घराचा गारवा अंगावर घ्या. १८५६ सालचं कोकणी ब्राह्मणाचं घर कसं असे ते अंगाने कळतं. तिथून पतितपावन मंदिर गाठा. भागोजीशेठ कीर यांनी पैसा दिला, सावरकरांनी पुढाकार घेतला आणि १९३१ पासून हे मंदिर सगळ्या जातींना खुलं आहे. त्या काळात गाभाऱ्यापर्यंत कोण जाऊ शकत होतं आणि कोण नाही, हे लेकीला मंदिराच्या पायरीवरच समजावून सांगा. पुस्तकातून ते तेवढं पोचत नाही.

झाडगावला सागरी जीवशास्त्र केंद्राचं मत्स्यालय आहे, तिथे देवमाशाचा सांगाडा ठेवला आहे. मुलं तिथून हलत नाहीत.

जानेवारीतलं गाणं खरंच उत्तम असतं. आर्ट सर्कल या इथल्या संस्थेची मंडळी ते मनापासून करतात, आणि राजवाडा पाठीशी घेऊन थंडीत ऐकलेला राग लक्षात राहतो. तरी मी शिमग्यालाच या म्हणेन. पुण्याला गाण्याची कमी नाही. शिमग्याला मात्र तुम्हाला आमच्याकडेच यावं लागेल.

शिमगा हा इथे एका दिवसाचा सण नाही. फाल्गुन शुद्ध पंचमीला, फाकपंचमीला, सुरुवात होते. काही गावांचा तेरसेचा शिमगा, काहींचा पौर्णिमेचा, म्हणजे भद्रेचा. देवाची रूपं, म्हणजे मुखवटे, पालखीत बसतात आणि देव देवळातून निघून लोकांच्या दारी येतो. वर्षभर आपण त्याच्याकडे जातो, या दिवसांत तो आपल्याकडे येतो. रत्नागिरी शहराचं ग्रामदैवत श्रीदेव भैरी. पौर्णिमेला त्याची पालखी बाहेर पडते, झाडगावच्या सहाणेवर, म्हणजे पालखीसाठीच्या चौथऱ्यावर, बसते. पोलीसही त्या पालखीला मानवंदना देतात. ढोल वाजायला लागले की पालखी खांद्यावर नाचवतात. खांदेकऱ्यांची पावलं बघा. चौघं एकाच लयीत वाकतात, पालखी जमिनीच्या जवळ येते, पुन्हा वर जाते, आणि आतलं रूप जागचं हलत नाही. ही कला कुठल्या वर्गात शिकवत नाहीत. लहान मुलं आधी ढोलापाशी उभी राहतात, मग निशाण धरतात, मग कधीतरी कोणीतरी खांदा देतो.

आणि रात्री नमन-खेळे. मृदंगाच्या तालावर गण, गवळण, मग सोंगं. काळ्या कपड्यांतला, लांब टोपीचा संकासूर आला की लेक आधी तुमच्या मागे लपेल आणि मग त्याच्या मागे धावेल. हे सगळं करणारी माणसं दिवसा शेतात, होडीवर, मुंबईत नोकरीवर असतात. म्हणून मला वाटतं, हे बघताना मोबाइल काही वेळ खिशात ठेवावा. अलीकडे पालखीभोवती फोटो काढणाऱ्यांचंच कडं होतं आणि म्हाताऱ्या बायकांना देवाचं दर्शन मिळत नाही. मला याचं फार वाईट वाटतं.

सड्यावरून:
मांडवीच्या बाईंनी गावातलं सांगितलं, मी सड्यावरचं, म्हणजे गावाबाहेरच्या उघड्या कातळाच्या पठारावरचं, सांगतो. मी राजापूर तालुक्यातला.

२०२२ मध्ये युनेस्कोच्या संभाव्य वारसा यादीत कोकणातली कातळशिल्पं गेली. त्यात रत्नागिरी जिल्ह्यातली सात ठिकाणं आहेत: उक्षी, जांभरुण, कशेळी, रुंढेतळी, देवीहसोळ, बारसू आणि देवाचे गोठणे. सिंधुदुर्गातलं कुडोपी आणि गोव्यातलं फणसायमाळ धरून नऊ. चार दिवसांत सगळी बघायचा हट्ट धरू नका. दोन नीट बघा.

सासूबाई बरोबर आहेत म्हणून पहिलं उक्षी. हत्तीचं मोठं चित्र आहे, भोवती उभं राहून वरून बघायची सोय केलेली आहे, चालणं कमी. दुसरं कशेळी. पावस, पूर्णगड, गावखडी असा किनाऱ्याने जाणारा रस्ता आहे. तिथला हत्ती सुमारे अठरा मीटर लांब, आणि त्याच्या अंगाच्या आत इतर प्राण्यांची, माशांची गर्दी. जमिनीवर उभं राहिलं की आधी नुसत्या रेघा दिसतात. सोंडेपासून सुरुवात करून रेघेच्या कडेकडेने चालत जा, मग हत्ती उभा राहतो. कशेळीलाच कनकादित्याचं मंदिर आहे, सूर्याची मंदिरं आपल्याकडे थोडीच. शिलाहार भोज राजाचा ताम्रपट त्या देवस्थानाचा आहे. माघात रथसप्तमीला तिथे मोठा उत्सव असतो, पण तुम्ही फाल्गुनात येणार म्हणजे तो झालेला असेल.

वेळ महत्त्वाची. डोक्यावर ऊन असताना गेलात तर काहीच दिसणार नाही आणि कातळ पाय भाजेल. सकाळी लवकर किंवा ऊन कलल्यावर जा. तिरपा प्रकाश पडला की खोदलेल्या रेघेत सावली भरते आणि चित्र उठून दिसतं. पावसाळ्यात गवत आणि पाणी असतं, फाल्गुनात सडा मोकळा, त्यामुळे तुमची वेळ उत्तम आहे. पाणी घेऊन जा, सड्यावर सावलीला झाड नसतं.

हात जोडून एक मागणं आहे. रेघांवरून चालू नका, जवळ जायचंच असेल तर चपला काढून ठेवा. फोटोत उठून दिसावं म्हणून काही लोक रेघांत खडू किंवा चुना भरतात, ते करू नका आणि कोणी करताना दिसला तर थांबवा. जांभ्याच्या चिरेखाणी, रस्ते, घरांची बांधकामं यात किती चित्रं गेली ते कुणी मोजलेलं नाही. आमच्या आजोबांच्या पिढीला ही चित्रं माहीत होती, कोणी पांडवांची म्हणायचं, कोणी राखणदाराची, आणि त्या धाकाने कोणी तिथे खणत नव्हतं. आता तो धाक गेला. त्याच्या जागी अभ्यास आला पाहिजे, म्हणून तुमच्या लेकीसारखी मुलं सड्यावर यावीत असं फार वाटतं.

कोथरूडकर:
किती मनापासून लिहिलंत दोघांनी. शिमग्याचं ठरलं. सासूबाईंना वाचून दाखवलं तर त्या म्हणाल्या, गाणं पुढच्या वर्षी, आधी पालखी. आता दोन प्रश्न. पालखीला आपण काय न्यायचं? आणि आमचा पुण्याहून येण्याचा दिवस नेमका कोणता धरू?

मांडवीची:
सासूबाईंना नमस्कार सांगा.

ओटी न्या: खण, नारळ, तांदूळ, हळदकुंकू. पालखीसमोर एका बाजूला उभं राहा, गुरव किंवा मानकरी सांगतील तेव्हा पुढे व्हा. काही मनात असेल तर त्यांना सांगा, ते तुमच्या वतीने गाऱ्हाणं घालतील. प्रत्येक ओळीला भोवतालचे सगळे "होय महाराजा" म्हणतात, तुम्हीही म्हणा. पायात चपला नकोत. पालखी नाचवत असताना मध्ये जाऊ नका, खांदेकऱ्यांचा तोल जातो आणि लहान मुलाला लागू शकतं. लेकीला एखाद्या घराच्या पायरीवर उभं करा, कोणीही नाही म्हणणार नाही.

दिवस म्हणाल तर होळी पौर्णिमेच्या आदल्या संध्याकाळी पोचा. पौर्णिमेला शहरातली पालखी. दुसऱ्या दिवशी सकाळी उक्षी, आणि संध्याकाळी जवळच्या एखाद्या गावात पालखी घरोघरी फिरत असेल तिथे जा. लॉजवाल्याला विचारा, त्याच्या स्वतःच्या गावाची पालखी कुठे आहे ते तो आनंदाने सांगेल. तिसऱ्या दिवशी भल्या पहाटे निघून कशेळी, येताना पावसला जेवण. राजवाडा, समाधी, टिळकांचं घर, पतितपावन हे चौथ्या दिवशी निवांत. चौथा दिवस सोमवारी येत असेल तर क्रम बदला, सरकारी संग्रहालयं सोमवारी बंद असतात. धुळवडीची सुट्टी आहे का तेही आधी विचारून घ्या.