केसपेपर फुकट झाला, वाटखर्चाचं काय? सरकारी आरोग्य सवलतींचे तुमचे अनुभव सांगा

परवा वाडीतल्या काकींच्या पायाला सूज आली म्हणून त्यांना पीएचसीत, म्हणजे प्राथमिक आरोग्य केंद्रात, घेऊन गेले होते. केसपेपरला पैसे नाहीत, तपासणीला नाहीत, रक्त काढलं त्याला नाहीत, गोळ्याही फुकट. जाऊन येऊन रिक्षाचे मात्र चारशे रुपये झाले. काकींनी पदराची गाठ सोडून चार नोटा मोजल्या, आणि मला रात्रभर तेच दिसत राहिलं.

१५ ऑगस्ट २०२३पासून राज्याच्या आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत, पीएचसीपासून जिल्हा रुग्णालयापर्यंत, उपचार निःशुल्क आहेत. निर्णय मोठाच आहे. पण तो आपल्या घरातल्या माणसापर्यंत पोचतो कसा आणि अडतो कुठे, हे आपणच एकमेकांना सांगायला हवं. दवाखान्याचं, डॉक्टरांचं नाव लिहू नका. काय झालं ते लिहा.

मालवण तालुका

आमचे हे ट्रॉलरवर खलाशी. १ जून ते ३१ जुलै यांत्रिकी होड्या बंद, म्हणजे घरात पैसा बंद. प्रेशरच्या गोळ्या मेडिकलमधून आणायचो. गेल्या वर्षी जूनमध्ये डबा पुसायला घेतला तर तळाशी गोळ्यांचे अर्धे अर्धे तुकडे. पाकीट दोन महिने पुरावं म्हणून हे गोळी मोडून खात होते. मला सांगितलंही नव्हतं.

उपकेंद्रातल्या सीएचओ (समुदाय आरोग्य अधिकारी) मॅडम घरी आल्या, प्रेशर मोजलं आणि म्हणाल्या, "मामा, गोळी मोडून खाव नका. महिन्याची आमच्याकडे फुकट गावता, घेवन जावा." उपकेंद्र घरापासून चालत दहा मिनिटांवर. इतकी वर्षं आम्हाला वाटायचं, तिथे फक्त लहान मुलांना लस देतात. आता बाहेर ‘आयुष्मान आरोग्य मंदिर’ असा बोर्ड आहे, पण बोर्डावरून कोणाला कळतं की इथे प्रेशरची गोळी मिळते? हे घरोघरी सांगायला हवं.

गुहागर तालुका, आशा स्वयंसेविका

मी चौदा वर्षं हे काम करते. एकच अनुभव लिहिते, कारण तो दरवर्षी नव्या मुलीच्या बाबतीत घडतो.

सासरी आलेली मुलगी, पहिलं बाळंतपण. दारिद्र्यरेषेखालच्या किंवा अनुसूचित जाती-जमातीच्या ग्रामीण मातेला दवाखान्यात बाळंतपण झालं की जननी सुरक्षा योजनेतून ७०० रुपये मिळतात. पहिल्या बाळासाठी मातृवंदना योजनेचे ५,००० रुपये वेगळे, तेही हप्त्यांनी. दवाखान्यातलं बाळंतपण, सिझेरियन, औषधं, रक्त, जेवण, १०२ची गाडी, हे सगळं मोफत. कागदावर काहीच कमी नाही.

या मुलीचं आधार माहेरच्या नावाचं, पासबुक सासरच्या नावाचं. फॉर्म परत आला. तिला घेऊन मी बँकेत तीनदा गेले. तिसऱ्या खेपेला तिचं बाळ माझ्या कडेवर होतं आणि ती काउंटरवर सही करत होती. सही थरथरली म्हणून जुन्या सहीशी जुळेना, पुन्हा नवा कागद. पैसे खात्यात आले तेव्हा बाळ बसायला लागलं होतं. जे पैसे तिने पोटुशी असताना दूध-अंड्यावर खर्च करायचे, ते रांगत्या पोराच्या वेळी आले तर उपयोग काय?

माझी हात जोडून विनंती आहे: लग्न झालं की पहिल्या महिन्यात आधार आणि पासबुकावरचं नाव एक करून घ्या. दिवस राहिल्यावर धावपळ नको.

कुडाळ

लेप्टोबद्दल, म्हणजे चिखलपाण्यातून होणाऱ्या लेप्टोस्पायरोसिसच्या तापाबद्दल. लावणीच्या दिवसांत चिखलात दिवसभर पाय, त्यात टाचेला भेगा. तो ताप होऊ नये म्हणून आशाताई डॉक्सीच्या (डॉक्सीसायक्लिन) गोळ्या घेऊन मळ्यात येतात. माझ्या भावाने त्या खिशातच ठेवल्या आणि ताप आल्यावर दोन दिवस अंगावर काढला. वाचला, पण मरता मरता. गोळी फुकटची आहे म्हणून तिला हलकी समजू नका.

राजापूर, सध्या मुंबई

आम्ही चाकरमानी. गावी बाबांच्या छातीत दुखलं, १०८ची रुग्णवाहिका आली आणि त्यांना शहरातल्या खासगी हॉस्पिटलात हलवलं. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत असलेलं हॉस्पिटल, तरी आधी अनामत भरा म्हणाले. मी रात्रीच्या गाडीने निघालो, खिशात उसने चाळीस हजार.

सकाळी तिथल्या आरोग्यमित्राला, म्हणजे योजनेचं काम बघणाऱ्या माणसाला, गाठलं. घोटाळा कळला: मी मुंबईला रेशनकार्ड वेगळं काढलं तेव्हा गावच्या केशरी कार्डावरून माझ्यासोबत बाबांचंही नाव कमी झालं होतं. कोणी पाहिलंच नाही. नाव परत चढेपर्यंत जीव टांगणीला. पुढे अँजिओप्लास्टी योजनेतून झाली, उसने पैसे तसेच परत केले.

दोन गोष्टी सांगतो. पूर्वी कुटुंबाला वर्षाला दीड लाखाची मर्यादा होती, ती आता पाच लाख आहे, आणि पांढऱ्या कार्डालाही योजना लागू झाली आहे. पण तिच्यातून दाखल झाल्यावरचाच खर्च मिळतो, साध्या ओपीडीचा नाही. अडचण आली तर १५५३८८ला फोन करा. गणपतीला गावी जाल तेव्हा रेशनकार्ड उघडून एकेक नाव वाचा.

महाड

आमच्याकडे लाल विंचू. माझ्या आजीच्या काळी विंचू चावलेलं पोर घामाने भिजायचं, हातपाय गार पडायचे आणि सकाळपर्यंत जायचं. बिरवाडीच्या पीएचसीत १९७०च्या दशकात डॉ. हिम्मतराव बावस्कर आले. त्यांनी असे रुग्ण रात्र रात्र जागून पाहिले आणि प्राझोसिन या प्रेशरच्या स्वस्त गोळीने ते वाचतात हे दाखवून दिलं. ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात ते छापून आलं. २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली. गावच्या पीएचसीत काय होणार, असं कोणी म्हणालं की मला राग येतो तो यामुळे.

देवगड तालुका

हा विषय काढणाऱ्या ताईंच्या रिक्षाच्या चारशे रुपयांबद्दल लिहिते. १०२ गरोदर बायका आणि तान्ह्या बाळांसाठी, १०८ तातडीच्या वेळी. साखर-प्रेशरची म्हातारी माणसं दर महिन्याला जाणार, त्यांच्यासाठी गाडी नाही. एसटी दोन वेळा, तीही खालच्या फाट्यावरून.

आम्ही वाडीतल्या सहा घरांनी दिवस ठरवून घेतला आहे. महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी सकाळी आठला सहा आसनी रिक्षा देवळाकडे उभी राहते. नर्सबाईंना तो दिवस आधीच कळवला आहे, त्या सगळ्यांच्या गोळ्या काढून ठेवतात. माझी पुतणी बारावीला आहे, ती पुढे बसते, सगळ्यांच्या फायली मांडीवर घेऊन. भाडं माणशी साठ रुपये, जाऊन येऊन.