मदत हवी आहे: गरोदर जाऊ, ग्रहण आणि सासूबाई

मंडळी, २ ऑगस्ट २०२७ ला, दीप अमावस्येला, सूर्यग्रहण आहे. आपल्या जळगाव-धुळ्याकडे खंडग्रास, तेही दुपार कलल्यावर. माझ्या धाकट्या जावेला सातवा महिना असेल. सासूबाईंनी आत्तापासूनच सांगून ठेवलंय: वेध लागले की पाण्याचा थेंबही नाही, आडवं व्हायचं नाही, विळी-सुईला हात नाही.

विळीचं सोडा, एक दिवस भाजी मी चिरेन. पण सूर्यग्रहणाचे वेध चार प्रहर आधी, म्हणजे पहाटेपासूनच! तिला गरोदरपणातली शुगर निघालीय, डॉक्टरांनी दर दोन-तीन तासांनी खायला सांगितलंय.

सासूबाई वाईट नाहीत हो, घाबरल्यात. त्यांच्या बहिणीने ग्रहणात भरताच्या वांग्यांना चिरा दिल्या आणि बाळ दुभंगलेल्या ओठाचं झालं, असं त्या सांगतात. ओठ पहिल्या तीन महिन्यांतच घडतो, सातव्यात ग्रहण काय करणार, हे मी बोलून पाहिलं. उत्तर आलं, "तू शिकेल शे, मी देखेल शे." (म्हणजे, तू शिकलेली आहेस, मी पाहिलेलं आहे. पुढे कोण बोलणार!)

पंचांगात बाल, वृद्ध, आजारी आणि गर्भवतींना वेधात सवलत दिलेली असते. ती गुरुजींच्या तोंडून ऐकवली तर ऐकतील का? की डॉक्टरीणबाईंनाच फोनवर बोलायला लावू? दीर आईसमोर तोंड उघडत नाही, त्यामुळे त्याच्याकडून आशा नाही. कुणाच्या घरी असं झालं असेल तर मोठ्यांना न दुखावता कसं निभावलंत, जरूर सांगा.