डॉ. सामंतांच्या हट्टापेक्षा कायदा जास्त आडवा आला
'मुंबईच्या गिरणी कामगारांचा ८२ चा संप त्यांचे नेते डॉ. दत्ता सामंत यांच्या हट्टामुळे बुडाला' असं या चर्चेत वर लिहिलंय, ते मला अर्धवट वाटतं. डॉक्टरांच्या चुका झाल्याच, पण १९४६ च्या मुंबई औद्योगिक संबंध कायद्याचा उल्लेख इथे कुणीच केलेला नाही. त्या कायद्याने एका भागात एका उद्योगासाठी एकच 'प्रातिनिधिक' युनियन धरली जायची आणि मालकांशी करार तिनेच करायचा. गिरण्यांत ती मान्यता राष्ट्रीय मिल मजदूर संघाकडे होती. १८ जानेवारी १९८२ पासून दोन लाखांहून जास्त कामगार बाहेर, आणि त्यांनी निवडलेल्या नेत्याला वाटाघाटीत कायदेशीर जागाच नाही! म्हणूनच पगारवाढीइतकीच हा कायदा रद्द करण्याची मागणीही महत्त्वाची होती.

आणि लाल बावटा (कम्युनिस्टांची गिरणी कामगार युनियन) म्हणजे नुसती मैदानातली भाषणं, हेही खरं नाही. १९२८ च्या सहा महिन्यांच्या संपानंतर गिरणी कामगार युनियनने गिरणीगणिक समित्या उभ्या केल्या. तोवर कामावर घेणं, काढणं, बदलीवाल्याला (गैरहजर कामगाराच्या जागी येणाऱ्याला) दिवस देणं सगळं जॉबरच्या, म्हणजे मुकादमाच्या हातात. माझे आजोबा परळला बदलीवर होते, जॉबरची मर्जी राखावी लागायची हे ते शेवटपर्यंत चिडून सांगत. समितीमुळे खात्यातली तक्रार जॉबरला वगळून थेट वर नेता येऊ लागली. मालकांना खुपलं ते हेच. मार्च १९२९ मध्ये श्रीपाद अमृत डांगे वगैरे कम्युनिस्ट पुढारी ब्रिटिश सरकारने भरलेल्या मीरत कटाच्या खटल्यात पकडले गेले, तरी पुढच्याच महिन्यात पुन्हा सार्वत्रिक संप झाला, आणि त्यात समित्यांना मान्यता हा एक मुख्य मुद्दा होता.