दिनविशेष एक दिवस उशिरा का दिसतो?

धरमपेठकर (प्रश्न)
नागपुरातील एका वाचनालयाच्या संकेतस्थळासाठी मी 'आजचे दिनविशेष' हे सदर तयार करीत आहे. मायएसक्यूएल या डेटाबेसमध्ये प्रत्येक घटनेची पूर्ण तारीख साठविलेली असून, वर्ष वगळून त्या दिवसाच्या नोंदी निवडण्यासाठी मी 'डेऑफइयर' हे फंक्शन वापरले आहे. यंदाच्या तारखा घालून चाचणी घेतली, तेव्हा २८ सप्टेंबर १९५३ चा नागपूर करार बरोबर त्याच दिवशी आला. मात्र १ मे १९६० ची महाराष्ट्र स्थापनेची नोंद २ मे रोजी आणि १४ ऑक्टोबर १९५६ ची दीक्षाभूमीवरील धम्मदीक्षेची नोंद १५ तारखेला दिसली. साठविलेल्या तारखा मी दोनदा तपासल्या आहेत.

महालकर
तारखा बरोबरच आहेत. हे फंक्शन १ जानेवारीपासून मोजून वर्षातील कितवा दिवस ते सांगते. १९५६ हे लीप वर्ष असल्याने त्या वर्षीचा १४ ऑक्टोबर २८८ वा दिवस ठरतो, आणि यंदा लीप वर्ष नसल्याने २८८ वा दिवस १५ ऑक्टोबर आहे. १९६० चेही तेच. १९५३ लीप नव्हते म्हणून करार बचावला. २६ जानेवारीसारख्या नोंदींना धक्काच लागत नसल्याने ही चूक महिनोन्‌महिने लपून राहू शकते. 'मंथ' आणि 'डे' ही फंक्शने वापरून महिना व दिवस स्वतंत्रपणे जुळवावेत.

इतवारीकर
उपाय योग्य आहे, परंतु प्रत्येक ओळीवर फंक्शन चालवावे लागल्याने तारखेच्या रकान्यावरील इंडेक्स (नोंदी झटपट शोधण्यासाठीची सूची) कामी येत नाही. नोंदी हजारोंनी असतील तर महिन्याला शंभराने गुणून त्यात दिवस मिळविलेला वेगळा रकाना ठेवून त्यावर इंडेक्स करावा; म्हणजे १४ ऑक्टोबर १०१४ होतो आणि १ मे ५०१. २५ डिसेंबर ते ५ जानेवारी असा वर्ष ओलांडणारा पट्टा दाखवायचा झाल्यास 'बिटवीन' (दोन आकड्यांमधील नोंदी निवडणारी अट) रिकाम्या हाताने परत येईल, कारण सुरुवातीचा १२२५ हा शेवटच्या १०५ पेक्षा मोठा आहे. तेथे '१२२५ किंवा अधिक, अथवा १०५ किंवा कमी' अशी अट लिहावी लागते.

धरमपेठकर
रकाना केला, तिन्ही नोंदी जागेवर आल्या. आता रात्री एक वाजता पाहिले तर कालचेच दिनविशेष दिसत आहेत.

महालकर
सर्व्हर यूटीसी या जागतिक प्रमाणवेळेवर चालत असावा. तसे असल्यास पहाटे साडेपाचपर्यंत त्याच्या लेखी कालचाच दिवस असतो. 'आज' ठरविताना आशिया/कोलकाता हा टाइमझोन द्यावा, साठविलेल्या तारखांना मात्र हात लावू नये. दीक्षाभूमीवरील मुख्य सोहळा विजयादशमीला, म्हणजे तिथीनुसार असतो. त्याची तारीख दरवर्षी हातानेच भरावी लागेल.